हातात कसब आहे, जर्मनीत मागतात कागद

पत्र, थोडक्यात: पत्रलेखक पस्तिशीतले, सातारा जिल्ह्यातले. आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग एक वर्ष महावितरणमध्ये अप्रेंटिस आणि त्यानंतर अकरा वर्षं चाकणला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला. पत्नी आयटीत आहे. तिला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आणि दोन वर्षांपूर्वी हे मुलीला घेऊन तिच्याकडे गेले. तेव्हापासून पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतात. इलेक्ट्रिशियनच्या जागांसाठी इंटरनेटवरून इंग्रजीत भरपूर अर्ज केले, बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. पत्नी म्हणते, तिथली साडेतीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी, म्हणजे आउसबिल्डुंग, नव्याने कर. "सतरा वर्षांच्या पोरांबरोबर बसून मी आता स्विच बसवायला शिकू का?" असं ते विचारतात. वडील म्हणतात, परत या. ओळखीतली भारतीय कुटुंबं घरातली वायरिंगची कामं रोखीने करून मागतात. "माझ्या हातावर यांचा विश्वास नाही का? एकदा माझं काम तरी बघा ना! मी काय करू?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नोकरी मिळत नाही हे दुःख आहेच, पण तुम्हाला जास्त लागलंय ते वेगळंच. मशीन बंद पडलं की रात्री दोनला ज्याला फोन यायचा, तो माणूस आज रात्री दोनला खोकी उचलतोय, आणि ज्या कामात अकरा वर्षं आपला शब्द चालत होता तिथं कुणी उभंही करत नाही. हे लागणारच. कामाशी नातं असलेल्या कुणालाही लागेल.

पण "माझ्या हातावर यांचा विश्वास नाही" या वाक्यापाशी थोडं थांबू या. समजा, आठ-दहा माणसांची एक इलेक्ट्रिकल फर्म आहे. मालक स्वतः माइस्टर, म्हणजे कारागिरीची तिथली वरची परीक्षा दिलेला. त्याच्या माणसांनी बसवलेल्या प्रत्येक बोर्डाला तो जबाबदार असतो. कामावर लावलेला माणूस त्या कामासाठी तयार आहे ना, त्याला तिथले नियम माहीत आहेत ना, हे त्यानेच बघायचं. उद्या अपघात झाला तर पहिली विचारणा त्याच्याकडे होणार. तिथे विजेच्या कामात माणसांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: एक तर सामान्य माणूस, मग ठरावीक कामापुरत्या सूचना देऊन तयार केलेला मदतनीस आणि मग एलेक्ट्रोफाखक्राफ्ट, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारा कारागीर. तुमचा अर्ज वाचून तुम्हाला कुठल्या पायरीवर धरायचं हेच त्या माणसाला कळत नाही. आयटीआयचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण की दोन महिन्यांचा कोर्स, त्याला कुठून ठाऊक असणार? मग अर्ज बाजूला पडतो. हात बघण्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही.

दुसरं गृहीतक असं, की तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत: शून्यापासून शिका, नाहीतर धंदा विसरा. पत्नीच्या सल्ल्याला तुम्ही त्यामुळेच एवढे बिथरलात. मधली एक वाट आहे आणि ती तुमच्यासारख्यांसाठीच बांधलेली आहे. परदेशातल्या शिक्षणाची जर्मन व्यवसायाशी तुलना करून मान्यता देण्याचा कायदा तिथे एप्रिल २०१२ पासून लागू आहे. या प्रक्रियेला आनेरकेनुंग म्हणतात. फी साधारण १०० ते ६०० युरो. सगळी कागदपत्रं पोचल्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा असा नियम आहे. निर्णय तीन प्रकारचा असू शकतो: पूर्ण समकक्ष, अंशतः समकक्ष किंवा नाही. अंशतः आलं तर काय कमी पडतं ते त्या निर्णयपत्रात लिहून देतात, आणि तेवढंच एखाद्या कंपनीत काम करत किंवा छोट्या कोर्सने भरून काढायचं. साडेतीन वर्षं नाहीत.

अर्ज करण्याआधी मात्र एक निवड नीट करा, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. जर्मनीत 'इलेक्ट्रिशियन' असा एक व्यवसाय नाही, बरेच आहेत. घरं-इमारतींची वायरिंग करणारा वेगळा आणि कारखान्यातली यंत्रणा सांभाळणारा वेगळा. पहिला कारागिरीच्या क्षेत्रात येतो. त्याच्या मान्यतेचं काम तुमच्या भागातली हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांचं मंडळ, बघते. दुसऱ्याचं नाव एलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेखनिक. तो उद्योगाच्या बाजूला मोडतो, आणि जवळजवळ सगळ्या उद्योग मंडळांच्या वतीने ही तुलना न्युर्नबर्गचं आयएचके फोसा हे कार्यालय करतं. तुम्ही इतके दिवस अर्ज करताय ते घरांच्या वायरिंगच्या जागांसाठी. तुमची अकरा वर्षं मात्र गेली पॅनेल, मोटर, ड्राइव्ह, सेन्सर आणि पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकी कंट्रोलरमध्ये. तुम्हीच लिहिलंय की चाकणच्या लाइनवर सीमेन्सचे एस-सेव्हन पीएलसी होते. अहो, श्टुटगार्टच्या आसपासच्या कारखान्यांत तेच तर आहेत! बिघाड शोधून लाइन चालू करणं हे तुमचं खरं काम, आणि तुम्ही ते अर्जात शेवटच्या ओळीत टाकलंय.

आता कागद. आयटीआयची दोन वर्षं जर्मन साडेतीन वर्षांपुढे कमी दिसतात, पण तुलना करताना अनुभव धरतात आणि त्याने फरक भरून निघू शकतो. महावितरणची अप्रेंटिसशिप तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलीत. ते नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट शोधून काढा. आयटीआय झाल्यावर केलेली एक वर्षाची रीतसर उमेदवारी हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. त्याच्याबरोबर ट्रेड सर्टिफिकेट, दोन्ही वर्षांची गुणपत्रकं आणि तुमच्या वेळचा अभ्यासक्रम. नुसत्या गुणपत्रकावरून तिथल्या माणसाला तुम्ही काय शिकलात ते कळणार नाही. वायरमनचा परवाना काढला असेल तर तोही जोडा. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या, पण सगळं आधी करून बसू नका. कुठले कागद भाषांतर करून लागतील ते कार्यालयाला विचारा, पैसे वाचतील. आयक्यू या सरकारी योजनेतली सल्लाकेंद्रं अर्ज भरायला फुकट मदत करतात, तिथे वेळ घेऊन जा. खर्चासाठी काही मदत मिळते का, तेही अर्ज करण्याआधी विचारायचं.

आणि "एकदा माझं काम तरी बघा" हे तुमचं म्हणणं? त्याचीही सोय आहे. तुमचा दोष नसताना कागद मिळत नसतील, जुनी कंपनी बंद पडली असेल किंवा दाद देत नसेल, तर मंडळ तज्ज्ञ माणसासमोर तुमच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेऊन आणि कामाबद्दल बोलून तुमची पात्रता ठरवू शकतं. याला क्वालिफिकात्सिओन्सआनालीझं म्हणतात. ती मागावी लागते, आपोआप कुणी बोलावत नाही.

काम तुम्हाला येतं, हे मी एका अक्षरानेही नाकारत नाही. पण तिथं ते कसं करतात हे शिकावं लागेल, आणि यात कमीपणा मानू नका. साधी तारांच्या रंगांची गोष्ट घ्या. तुमच्या हाताला आर-वाय-बी बसलंय: लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल. जर्मनीत फेज तपकिरी, काळा आणि करडा, न्यूट्रल निळा, अर्थिंग हिरवं-पिवळं. म्हणजे आपला न्यूट्रलचा काळा तिथं फेज आहे आणि आपला फेजचा निळा तिथं न्यूट्रल. अकरा वर्षांची सवय झालेला हात घाईत कुठे जाईल, सांगा बरं. खिशातला निऑनचा टेस्टर लावून "सप्लाय नाही" म्हणणं तिथं चालत नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरून, तो आधी चालतोय ना हे तपासूनच लाइन मेली असं म्हणायचं. तारा पिळून वर टेप गुंडाळत नाहीत, लिव्हरचे कनेक्टर लावतात. बारीक तारांच्या वायरला टोपी चढवून मगच ती टर्मिनलमध्ये घालतात. काम झालं की मोजमापं घेऊन ती फॉर्मवर लिहून द्यायची. आणि सुरक्षेचे पाच नियम: सप्लाय तोडा, तो पुन्हा कुणी चालू करणार नाही असं बंद करा, व्होल्टेज नाही याची खात्री करा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. तिथल्या शिकाऊ पोरालाही हे क्रमाने तोंडपाठ असतात. तुम्ही जर्मनमध्ये पाठ करा. एखाद्या माइस्टरने "काय येतं तुम्हाला?" विचारल्यावर तुम्ही हे पाच नियम धडाधड म्हणून दाखवलेत, तर तुमच्या अर्जापेक्षा ते जास्त बोलेल.

भाषेकडे येतेच. "मी हाताने काम करणारा, मला भाषा कशाला?" असं तुम्ही लिहिलंय. बघा, ऑपरेटर फोनवर सांगतो की तिसऱ्या स्टेशनला सिलिंडर मागे येत नाहीये, मधूनच येतो, गरम झाल्यावर अडकतो. या एका वाक्यात निम्मा बिघाड सापडतो, आणि तो जर्मनमध्ये सांगणार. सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये असतात आणि त्या कळल्याशिवाय तुम्हाला पॅनेलला हात लावू देणं मालकाला परवडणार नाही. कोट्यवधींचं मशीन चालवणारा माणूस इंग्रजी बोलत असेल अशी खात्री धरू नका. सध्या तुमची बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी, चालू आहे आणि रात्रपाळीमुळे निम्मे तास बुडतात. मग आधी पाळी बदलून मागा. नाही दिली तर गोदाम बदला, तसली गोदामं खूप आहेत. २०२६ पासून तिथलं किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. या पैशांसाठी भाषा मागे पडत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे. बी१ नंतर कामाच्या भाषेचे सरकारी अनुदानातले वर्ग असतात, त्यांची चौकशी आर्बाइट्सआगेन्टूरमध्ये, म्हणजे तिथल्या रोजगार कार्यालयात, करा.

आता आउसबिल्डुंग. पत्नी तुमचं वाईट चिंतत नाहीये, हे आधी मान्य करू. तिला सभोवती दिसतंय की ज्याच्याकडे ते प्रमाणपत्र आहे त्याला काम शोधावं लागत नाही. बावीस वर्षांचा, अनुभव नसलेला मुलगा मला लिहिता तर मी त्याला हेच सांगितलं असतं. तुमच्यासाठी तो माझा पहिला सल्ला नाही, कारण पगार अर्ध्याहून खाली येईल आणि जे येतंय त्याचा मोठा भाग पुन्हा शिकाल. शिवाय आणखी एक दार आहे जे फार जणांना माहीत नसतं. एखाद्या व्यवसायात त्याच्या शिक्षणाच्या दीडपट काळ काम केलेल्या माणसाला, शाळेत न बसता, थेट अंतिम परीक्षेला बसायची परवानगी मागता येते. साडेतीन वर्षांची दीडपट म्हणजे सव्वापाच वर्षं, आणि परदेशातला अनुभवही त्यात विचारात घेतात. परीक्षा अर्थात जर्मनमध्ये असते, म्हणून हे आज नाही, दोन वर्षांनी. मान्यता अंशतः मिळून पुढे अडलीच तर हे दार लक्षात असू द्या. आणि तेही जमलं नाही तर आउसबिल्डुंगचा विचार पुन्हा करा, पण मग पोरांच्या बाकाची लाज मनात ठेवून नको. त्या पोरांना तुमच्यासारखा शेजारी मिळाला तर त्यांचं भाग्यच.

रोखीच्या कामांबद्दल मी स्पष्ट बोलते: घेऊ नका. इलेक्ट्रिकलचा स्वतंत्र व्यवसाय जर्मनीत माइस्टरची पात्रता आणि कारागिरांच्या मंडळात नोंद असल्याशिवाय करता येत नाही. नोंदीशिवाय केला तर दंड ५०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही ज्यांच्या घरी झुंबर किंवा गीझर बसवून द्याल त्यांच्याकडे उद्या आग लागली, तर विमा कंपनी विचारणार की वायरिंग कुणी केली. तेव्हा आज "दादा, एवढं करून द्या" म्हणणारे गप्प बसतील. तुमच्या राहण्याच्या परवान्यावर डाग लागेल तो वेगळाच. ओळखीच्यांना हे असंच सांगा, रागावले तर रागावू देत.

काम शोधण्याची पद्धतही बदलू या. तुमच्या राहण्याच्या परवान्यावर सर्व प्रकारचं काम करायला मुभा आहे असं लिहिलेलं असणार. ते अर्जाच्या पहिल्या तीन ओळींत जर्मनमध्ये लिहा. छोट्या मालकाला परदेशी माणूस म्हटलं की व्हिसाच्या कटकटीची धास्ती वाटते, ती तिथेच संपते. दुसरी ओळ: कारखान्यात मेंटेनन्सचा अकरा वर्षांचा अनुभव, कुठली मशीनं, कुठले पीएलसी. तिसरी: मान्यतेचा अर्ज दाखल केला आहे, अमुक तारखेला. ही तारीख लिहिता यावी म्हणूनच अर्ज लवकर करायचा. मग पोर्टलवर बटणं दाबत बसण्याऐवजी फोन करा, किंवा सकाळी लवकर, माणसं साइटवर निघायच्या आधी, स्वतः जा. पायपीट होईल, पण छोट्या फर्मपर्यंत असंच पोचता येतं. एक-दोन दिवस काम बघून घेण्याची पद्धत तिथे आहे, प्रोबंआर्बाइटन म्हणतात. ते आपणहून सुचवा. फक्त त्या दिवसांचा विमा आणि अटी आधी विचारून घ्या.

पहिली जागा मदतनिसाची मिळेल, आणि ती घ्या. गोदामातला पगार आणि हा पगार यात फार फरक नसेल, पण इथे तुम्ही तुमच्या क्षेत्रात उभे असाल. घेताना एकच प्रश्न विचारा: मान्यतेसाठी जे काम कमी पडतंय ते तुम्ही मला करू द्याल का आणि तसं लेखी द्याल का? "बघू" म्हणणारा मालक तुम्हाला वर्षानुवर्षं केबल ओढायला लावेल. मोठ्या कारखान्यांत शिरायला मजूर पुरवणाऱ्या एजन्सीची वाटही आहे. एजन्सीतर्फे आलेल्या माणसाला एका कंपनीकडे साधारणपणे अठरा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही आणि नऊ महिन्यांनी तिथल्या कायम माणसाएवढा पगार द्यावा लागतो, हे माहीत असू द्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते: गाडीचा परवाना? तिथे कामगार फर्मची व्हॅन घेऊन साइटवर जातात, परवाना नसला की निम्म्या जागा कटतात. भारतीय लायसन्स राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. तुमची ती मुदत केव्हाच संपली. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. भारतीय लायसन्स असलेल्याला ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नाही आणि लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते. उजव्या बाजूने चालवायचा सराव मात्र मनापासून करा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. वेल्डरचं गणित वेगळं आहे. तिथं ठरावीक मानकाप्रमाणे परीक्षेचा तुकडा वेल्ड करून प्रमाणपत्र मिळवता येतं, त्यामुळे हात लवकर सिद्ध होतो. प्लंबरांनी लक्षात घ्यावं की जर्मन प्लंबर घर गरम करण्याची यंत्रणाही बसवतो, तो भाग आपल्याकडे शिकवत नाहीत, म्हणून मान्यता अंशतः येण्याचीच शक्यता जास्त. आणि जे अजून इकडेच आहेत, ज्यांनी फेब्रुवारी २०२४ मधल्या महाराष्ट्र आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या कुशल मनुष्यबळाच्या कराराच्या बातम्या वाचल्यात, त्यांनी कुणा एजंटला लाखो रुपये देण्याआधी मान्यतेची चौकशी स्वतः करावी. तो अर्ज भारतातूनही करता येतो.

राहिला घरचा प्रश्न. घर पत्नीच्या पगारावर चालतंय याची टोचणी तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, पण तिने तसं बोलून दाखवल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तिच्याशी आकडे मांडून बोला: भाषेसाठी तुमची कमाई वर्षभर थोडी कमी झाली तर घराला झेपेल का? तिचं उत्तर बहुधा तुम्ही धरून चाललात त्यापेक्षा सोपं असेल. वडिलांना परत येण्याबद्दल आत्ता हो किंवा नाही काहीच सांगू नका. निर्णयपत्र हातात येऊ द्या. त्यानंतरही परत यावंसं वाटलं तर जरूर या, मेंटेनन्सच्या माणसाला चाकणला काम मिळेल. पण खोक्यांना कंटाळून येऊ नका.

शेवटी तुम्ही लिहिलंय की डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाणार आहात. त्यातले दोन दिवस चाकणसाठी राखून ठेवा. जुन्या कंपनीने दिलेलं "सदर कर्मचारी कार्यरत होते, वर्तणूक चांगली होती" छापाचं पत्र तिथे उपयोगाचं नाही. कुठल्या लाइनवर होतात, कुठली मशीनं आणि पीएलसी सांभाळलेत, बिघाड शोधणं, पॅनेल वायरिंग, दुरुस्तीनंतरच्या तपासण्या यातलं काय स्वतः करत होतात, हाताखाली किती माणसं होती आणि हे सगळं कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, असं सविस्तर हवं. मसुदा तुम्हीच करून न्या. एचआरला वेळ नसतो, आणि तुमचं काम त्यांच्यापेक्षा तुमच्या मेंटेनन्सच्या साहेबांना जास्त ठाऊक असणार, म्हणून आधी त्यांना भेटा. लेटरहेडवर, शिक्का मारून, सही करणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह घ्या, आणि मेलवरच्या पीडीएफवर न भागवता दोन मूळ प्रती बरोबर आणा.